सायकलवाल्या ताईला विचारा : पहिलीच चॅरिटी राइड आणि शेवटी राहायची भीती

प्रश्न : ताई, माझं वय ४१. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता, चार महिन्यांपूर्वी घेतली. मैत्रिणीच्या नादाने ५० किलोमीटरच्या चॅरिटी राइडला नाव देऊन बसलेय, कॅन्सरच्या पेशंटसाठी पैसे गोळा करायचेत, ओळखीच्या सगळ्यांकडून देणगी पण घेऊन झालीये, म्हणजे आता माघार नाही. पाच आठवडे हातात आहेत. आजवरची सगळ्यात लांब फेरी २२ किलोमीटर, ती पण एकटीने. साधी हायब्रिड सायकल आहे, म्हणजे रेसिंग आणि माउंटन बाइकच्या मधली. तीनचारशे लोक येणार म्हणे, सगळे भुर्रकन पुढे जातील आणि मी एकटीच मागे रडतखडत, हे डोळ्यासमोर येऊन झोप उडालीये. काय करू?
– शेवटची

उत्तर : अगं शेवटची (मी ५६ ची आहे, त्यामुळे अगंतुगं चालवून घे), आधी झोपेचं बघू. कुणीतरी शेवटी येणारच, आणि बहुतेक राइडमधे त्याच्यासाठी एक माणूस ठेवलेला असतो, त्याला स्वीप म्हणतात. जो सगळ्यात मागे असेल त्याच्याही मागे राहायचं एवढंच त्याचं काम. मी स्वतः बऱ्याचदा स्वीप केलंय आणि खरं सांगू का, मागच्या गप्पा पुढच्यापेक्षा चांगल्या असतात. पण गृहीत धरू नकोस, आयोजकांना आधीच तीन गोष्टी विचारून घे, स्वीप आहे का, दमलेल्याला उचलायला गाडी आहे का, आणि किती वाजता राइड बंद करणार. तासाला १६ किलोमीटरने गेलीस तरी ५० ला तीन तास आणि थोडी मिनिटं, त्यात थांबण्याचा अर्धा तास धर. त्यांची वेळ याच्या पुढची असेल तर विषय संपला.

अंतराचं पण टेन्शन नको. आठवड्यातून दोन छोट्या फेऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब, ती २६, ३१, ३६, ४० अशी वाढव, शेवटचा आठवडा निवांत, पाय मोकळे करण्यापुरती सायकल. घरी ४० झाले की राइडच्या दिवशी ५० होतात, उरलेले दहा गर्दीच्या जोरावर निघतात.

आता ज्याची भीती वाटायला हवी आणि तू पत्रात ज्याचा उल्लेखही केला नाहीस ते सांगते. तू आजवर एकटी चालवलीयेस. लोकांच्या मधे सायकल चालवणं हा वेगळाच प्रकार आहे, तिथे दम कमी पडून कुणी पडत नाही, चाकाला चाक लागून पडतं.

माझी पहिली राइड. पुढे एक काका, मी त्यांच्या मागे, म्हणजे मागे पण नाही, माझं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाच्या बाजूला वीतभर पुढे गेलेलं. मला वाटलं काय मस्त चिकटून चाललोय. त्यांनी एक खड्डा चुकवायला हँडल किंचित, अगदी किंचित माझ्या बाजूला घेतलं, झर्र असा आवाज आला आणि दुसऱ्या क्षणी मी रस्त्यावर. काका पुढे निघून पण गेले, त्यांना कळलंच नाही. कोपराचा डाग अजून आहे. त्यांची चूक नव्हती, माझीच होती. सायकल उभी राहते ती आपण नकळत पुढचं चाक सारखं बारीक बारीक डावीउजवीकडे करत तोल सांभाळतो म्हणून, ते चाक एका बाजूने अडलं की तोल सावरताच येत नाही. पुढच्याचं मागचं चाक घासलं तरी तो जातो पुढे, आपटतो तो मागचा.

म्हणून पहिल्या राइडला पुढच्यापासून निदान एक सायकलभर अंतर, आणि चाक कधीच बाजूला घुसवायचं नाही. लोक सांगतील चिकटून चालव, वारा कमी लागतो, खरं आहे, चांगलीच ताकद वाचते, पण एकमेकांच्या सवयी माहीत असलेल्या लोकांचा तो खेळ आहे, तुझा नाही, अजून तरी. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नकोस, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघ. सरळ रेषेत चाल. खड्डा दिसला तर झटक्यात वळू नको, हात खाली करून दाखव आणि ओरड. थांबायचं असेल तर आधी ‘थांबतेय’ म्हण, कडेला घे, मग ब्रेक. लाज वाटते सुरुवातीला ओरडायची. ओरडायचं.

याची प्रॅक्टिस अशी कर. रिकाम्या मैदानात एखादी पांढरी रेघ शोध, तिच्यावरून हळू चालव, मैत्रिणीला मागे उभी कर आणि तिने हात वर करून बोटं दाखवायची. तू मान वळवून किती बोटं ते सांगायचं, रेघ न सोडता. पहिल्यांदा मान जिकडे वळेल तिकडेच सायकल जाईल, सगळ्यांचीच जाते. वीसेक वेळा केलंस की खांदे सैल होतात आणि जमतं. मग तसंच एका हाताने बाटली काढून पाणी पिणं. हे दोन जमले की माझ्या मते तू तयार आहेस, मग किलोमीटर ४० चे ३५ झाले तरी चालतील.

सुरुवातीला मुद्दाम मागे उभी राहा. झेंडा पडला की सगळे सुटतात आणि आपण पण त्या लाटेत आपल्या ऐपतीबाहेर पळवतो, पहिले पाच किलोमीटर हवेत आणि विसाव्या किलोमीटरला मांड्या दगड. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतकाच वेग. चढ दिसला की चढाच्या आधीच गिअर हलका कर, मधे जोर लावून बदलायला गेलीस तर चेन कुरकुरते, कधीकधी निसटते पण. आणि भूक लागायची वाट बघू नको, दर पाऊण तासाने केळं, खजूर असं काहीतरी तोंडात टाक, भूक लागल्यावर खाल्लेलं कामाला यायला वेळ लागतो. पाणी घोटघोट.

हायब्रिड एकदम चालेल. फक्त आदल्या रात्री हवा बघ, किती भरायची ते टायरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं. दोन्ही ब्रेक दाबून बघ, आणि पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते नीट माहीत करून घे, देशोदेशी उलटसुलट असतं. नवे बूट, नवी शॉर्ट्स, नवीन सीट असलं काही त्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही!!

प्रश्न : ताई, एका तासानंतर सीटवर बसवतच नाही. जेलचं जाड कव्हर घेऊ का? राइड पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर : नको गं. जाड गादीत बसायची हाडं रुततात आणि गादी वर येऊन मधला नाजूक भाग दाबते, मग मुंग्या येतात. आधी सीटची उंची बघ, भिंतीला टेकून बस, टाच पेडलवर ठेव, पेडल खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवड्याने चालवताना गुडघा थोडासा वाकलेला राहतो. बऱ्याच जणी सीट फार खाली ठेवतात, सगळं वजन बुडावर येतं. मग पॅडेड शॉर्ट्स घे आणि हो, आत दुसरं काही घालायचं नाही, आतल्या कपड्याची शिवणच तर सोलते. दर दहापंधरा मिनिटांनी पेडलवर उभी राहा थोडी. एवढं करून पण दुखलं तर सीट बदल, रुंदी हाडांच्या अंतराला जुळायला हवी, मैत्रिणीची सीट तिला छान आहे म्हणून तुला असेलच असं नाही.

प्रश्न : पंक्चर काढता येत नाही. राइडला मेकॅनिक असतो ना?

उत्तर : असतो कधीकधी, पण तो तुमच्यापाशी येईपर्यंत तुम्ही उन्हात उभे. निदान ट्यूब बदलायला शिका, घरी दोनदा करा, मागचं चाक पण एकदा काढून बघा. जुनी ट्यूब काढली की नवी लगेच घालू नका, टायरच्या आतून बोट हळूच फिरवा, काटा किंवा काच तिथेच असते आणि नवीन ट्यूबला पण तेच करते. आणि ट्यूब स्वतःची न्या, मापाची. मी एकदा एकाला मदत करायला थांबले, ट्यूब होती, पंप होता, दोघांकडे उत्साह पण होता, त्याच्या रिमचं भोक बारीक आणि माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायची नळी, जाडा, आतच जाईना. बसलो मग दोघं गाडीची वाट बघत.