शेक संपल्यावर अंगात काय उरतं?

“मॅडम, आजपासनं शेक बंद केलं, तर अंगातलं कधी निघून जाईल?”

मावशींचे रेडिएशनचे, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत ‘शेकाचे’, तीसपैकी चौदा दिवस झाले होते. हातात फाइल, डोक्यावरून पदर आणि गालावर जाळीचे वळ अजून तसेच. एसटीची वेळ विचारावी तितक्या सहज त्यांनी हे विचारलं.

कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन चालू असताना त्याने लहान मुलांजवळ, गरोदर बाईजवळ बसायचं की नाही, हा प्रश्न माझ्या टेबलापाशी आठवड्यातून दोनदा तरी येतो. उत्तर एका वाक्याचं आहे. बाहेरून मशीनने शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात काहीही उरत नाही, नातवंडांना खुशाल मांडीवर घ्यावं. कित्येक वर्षं मी हे वाक्य सांगून पुढच्या फाइलकडे वळत असे. तेवढ्याने भागत नाही, हे मावशींमुळे कळलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

वय पन्नाशीचं, शेतमजुरी, आणि तीसेक वर्षं मशेरी. गालाच्या आत गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर रेडिएशन ठरलं. रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप), एकूण 60. सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला होता. आठवडाभर त्या शहरात भाच्याकडे राहायच्या, शुक्रवारी संध्याकाळी गावी जायच्या. गावी मुलगा, तीन वर्षांचा नातू आणि सात महिन्यांची गरोदर सून.

घरात त्यांची बाज पडवीत टाकली होती. ताट वेगळं, तांब्या वेगळा. सून वाईट नव्हती. मऊ भात, पातळ वरण वेळेवर करायची, पण ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. नातवाचा चेंडू घरंगळत पडवीत आला, तर तो धुऊन मगच त्याच्या हातात द्यायची. मावशींची यावर काही तक्रार नव्हती. उलट हिशेब त्यांचाच होता: बाळ यायला दोन महिने आहेत, आता थांबलं तर तोवर अंग स्वच्छ होईल, बाळाला घेता येईल. उरलेले सोळा शेक दिवाळीनंतर.

हे ऐकून मी सावरून बसले. रेडिएशनमध्ये मधेच खंड पडणं वाईट. रोजच्या शेकाने ज्या पेशी मरायच्या राहिल्या असतील, त्यांना वाढायला सवड मिळते, आणि नंतर शेक वाढवूनही ते नुकसान पुरतं भरून येत नाही. दोन-चार दिवस बुडाले तरी डॉक्टर ते भरून कसे काढायचे याच्या मागे लागतात. इथे तर महिन्यांची गोष्ट चालली होती.

मी घाईने म्हणाले, “मावशी, अंगात काही उरतच नाही.”

“मग तुमची मानसं पळत्यात का?”

त्यांनी जे पाहिलं होतं ते खरंच होतं. तळघरातल्या त्या खोलीत रोज काय होतं? जाळी चेहऱ्यावर बसवतात. ती प्लॅस्टिकची असते, गरम पाण्यात मऊ करून पहिल्या दिवशी चेहऱ्यावरच बेतलेली. ती टेबलाला खटाखट अडकवतात, म्हणजे मान तसूभर हलायला नको. मग टेक्निशियन “हलू नका हं मावशी” म्हणतात आणि सगळेच्या सगळे बाहेर जातात. जाडजूड दार बंद होतं. भिंती मीटरभराहून जाड. आत त्या एकट्या, वर घरघरणारं मशीन. एवढं सगळं करून वर आम्ही म्हणतो, काही नसतं.

“मशीन चालू असताना किरणं असतात, म्हणून ते बाहेर जातात,” मी सांगितलं. “तुम्हाला तीसच शेक घ्यायचेत, तेही गाठ होती त्या जागेवर मोजून. ते रोज पन्नास जणांना शेक देतात, वर्षानुवर्षं. दर वेळी थोडी थोडी किरणं त्यांनी विनाकारण का घ्यायची? पण मशीन बंद झाल्या झाल्या ते आत येतात की नाही? तुमची जाळी काढायला हात कोण लावतं?”

त्या विचारात पडल्या. “व्हय, ती पोरगी लगेच येती. दंडाला धरून उठवती.” मग मान हलवली. “पण मॅडम, जाळ काढला तरी तवा तापल्यालाच ऱ्हातोय की. माझा गाल बघा, हात लावून बघा.”

गाल खरोखर गरम होता. तिसऱ्या आठवड्यात कातडी लाल होते, पुढे काळवंडते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घोळ आमच्याच शब्दाने केलाय. ‘शेक’ हा शब्द आपुलकीचा, घरातला. विटेचा शेक, तव्यावर फडकं तापवून दिलेला शेक. पण शेकाची ऊब अंगात मुरते, आणि ती मुरावी म्हणूनच तर शेक देतात. कोण कुठल्या काळी रेडिएशनला शेक म्हणाला कोण जाणे. ‘लाइट’ म्हणणाऱ्या रुग्णांना ही शंका कमी येते, असं माझं निरीक्षण आहे. ते खरंच असेल असा आग्रह नाही.

“मावशी, दिवसभर खुरपून घरी आलात तर अंग रापलेलं असतं ना?”

“असतंय की.”

“कातडी तापते, सोलतेही. पण रात्री नातू कुशीत झोपला तर त्याला तुमच्या अंगातलं ऊन लागतं का?”

त्या हसल्या. ऑपरेशननंतर तोंड पुरतं उघडत नव्हतं, म्हणून एका बाजूने. “न्हाई. ऊन गेलं सूर्यासंगं.”

माझ्यापेक्षा त्यांनीच नेमकं सांगितलं. पण दार उघडायचं ते सुनेने. पुढच्या सोमवारी तिला आणा म्हटलं.

सून आली, पण विभागात उतरली नाही. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिली. मीच वर गेले. बारावी झालेली, नीट बोलणारी मुलगी. तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. आमच्याच दाराचा. पिवळ्या पाटीवर किरणोत्सर्गाची खूण आणि खाली ‘गरोदर महिलांनी आत येऊ नये’. पहिल्या दिवशी तिच्या नवऱ्याने काढलेला.

“तुम्हीच लिहिलंय ना, मॅडम?”

शिवाय तिच्या माहेरच्या गावात एका बाईला थायरॉइडच्या कॅन्सरसाठी मुंबईला औषध पाजून वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, घरी आल्यावरही पोरांपासून लांब राहायला सांगितलं होतं. तेही खरंच असणार. तिथे किरणोत्सर्गी आयोडीनच पोटात देतात. ते दर आठ दिवसांनी निम्मं होत जातं आणि बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून तेवढे दिवस अंतर राखायचं. सासूच्या अंगात मात्र कोणी काही घातलेलंच नव्हतं. आमचं मशीन विजेवर चालतं. बटण बंद की किरणं बंद. काही ठिकाणी कोबाल्टचं मशीन असतं, भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं भाभाट्रॉन त्याच जातीचं. तिथला कोबाल्ट कायम किरणं सोडत असतो, पण तो मशीनच्या पोटात जाड कवचाआड जाऊन बसतो, रुग्णाबरोबर घरी येत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आतून शेक देतात, तेव्हाही तारेच्या टोकाला असलेला स्रोत काम झालं की मशीनमध्ये परत जातो.

ही मुलगी अडाणी नव्हती. पाटी खरी, पळणारी माणसं खरी, माहेरची बाई खरी. तिने फक्त तिन्ही एका दोऱ्यात ओवलं होतं, आणि तो दोरा तोडायचं काम आमचं होतं. आम्ही ते केलं नव्हतं.

मी आमच्या फिजिसिस्टना फोन केला. मावशींचा त्या दिवशीचा शेक नुकताच आटोपला होता. ते किरणं मोजायचं मीटर घेऊन मावशींबरोबर वर आले. आधी लिंबाखाली आकडा दाखवला, मग मावशींच्या गालाशी मीटर धरलं. आकडा तोच. मग त्यांना काय हुक्की आली, ग्रॅनाइटच्या कट्ट्याला मीटर लावलं, तर तो किंचित वर गेला. “दगडात, मातीत थोडं असतंच, ताई. तुमच्या सासूबाईंपेक्षा हा कट्टा जास्त.” सून झटकन कट्ट्यावरून उठली. ते काही अपायकारक नाही हे समजवायला आम्हाला आणखी दहा मिनिटं लागली. उभी ती उभीच राहिली, पण सासूच्या शेजारी.

मग मी तिला खऱ्या काळजीच्या गोष्टी सांगितल्या. तोंड आता आणखी सोलेल, शेक संपल्यावरही एक-दोन आठवडे दुखणं वाढू शकतं. मीठ-खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून पाच-सहा वेळा. गालाला तेल, हळद, बाम काही नको. तिखट चालणार नाही, म्हणून जेवण वेगळं शिजवा. ताट वेगळं कशाला? कॅन्सर उष्ट्याने लागत नाही. वजन घटलं तर जाळी सैल होते आणि पुन्हा सगळं माप घ्यावं लागतं.

“आणि घरातली मशेरी?”

सुनेने पदर दातांत धरला. मावशीच म्हणाल्या, “तीबी लावती. म्यांच लावलीय सवय.” पोटात बाळ असताना ती मशेरी त्या पाटीपेक्षा कितीतरी धोक्याची, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने ती सोडली का, ते मला ठाऊक नाही.

पाटीखाली आम्ही एक कागद चिकटवला: ‘शेक घेऊन बाहेर आलेल्या रुग्णाजवळ बसण्यास कोणालाही हरकत नाही.’ पावसाळ्यात तो दोनदा गळून पडला.

मावशींचे तीसच्या तीस शेक वेळेत झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी जाळी मागितली. बरेच जण मागतात, आम्ही देतो. सून या वेळी खाली उतरली होती, पाटीच्या अलीकडे बाकावर बसली होती. मावशींनी ती जाळी आपल्या तोंडासमोर धरून तिला दाखवली. सुनेने हात पुढे केला, आणि मधेच थांबून माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, हिच्यात तर नाही ना राहत?”

मी उत्तर देईपर्यंत मावशींनी जाळी तिच्या मांडीवर ठेवलीही होती.