घोटा मुरगळून दीड महिना झाला, जिना उतरताना पुढून अडकतो. फिजिओकडून हाताने मोबिलायझेशन (आखडलेला सांधा हळूहळू दाबून-सरकवून मोकळा करणं) करून फायदा होईल का?
हो, बहुतेक वेळा होतो. पाऊल वर वाकताना घोट्यातलं टॅलस हाड नडगीच्या हाडाखाली थोडं मागे सरकावं लागतं, मुरगळल्यावर ते सरकणं कमी होतं, म्हणून आम्ही फिजिओ एका हाताने नडगी धरून दुसऱ्या हाताच्या बेचक्याने टॅलस हळूहळू मागे दाबतो, कट्ट आवाज यायलाच हवा असं अजिबात नाही. आधी आणि नंतर गुडघा भिंतीला टेकवून बघा, टाच न उचलता अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजा. मात्र सोबत व्यायाम केला नाही तर परत आखडतं. आणि घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल किंवा ४ पावलंही टाकता येत नसतील तर आधी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा, तोवर कुणाला ओढू-दाबू देऊ नका प्लीज.