रेषेवर कापणारे हात

प्रश्न : ताई, मुलगा पंधरा वर्षांचा आहे, बास्केटबॉल खेळतो. दोन स्पर्धा जिंकल्यापासून घरात कुणाचं ऐकत नाही, धाकट्या भावाशी धड बोलत नाही. नवल असं, की फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा नेम, घ्यायला रेषेवर गेला की त्याचे हात कापतात. धीर द्यावा तर डोक्यात आणखी हवा जाईल अशी भीती वाटते. ग्रीसचा बास्केटबॉलपटू यानिस आंतेतोकूम्पो त्याचा देव आहे.
– एक आई

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत असं तुम्हाला वाटतंय. पंचवीस वर्षं मुलांना खेळवताना मी ती बहुतेक वेळा एकाच मुळातून आलेली पाहिली आहेत. घरात तोरा मिरवणारा असो की रेषेवर कापणारा, दोघांचंही लक्ष ‘मी कसा दिसतोय’ याकडे असतं. चेंडू राहतो बाजूला.

बरं झालं, देव यानिस निवडला. 2021 चे सामने त्याला पुन्हा बघायला सांगा. मिलवॉकी बक्सचा हा गडी तोवर दोनदा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, आणि फ्री थ्रोवर अडखळत होता. एनबीएत त्यासाठी दहा सेकंद मिळतात. त्याची तयारी लांबलचक, म्हणून परक्या कोर्टवर हजारो प्रेक्षक मोठ्याने आकडे मोजायचे. चेंडू कधी रिंगला शिवायचाही नाही. पंधरा फुटांवरून, अडवायला समोर कुणी नसताना! मग 20 जुलैला फीनिक्स सन्सविरुद्ध अंतिम मालिकेचा सहावा सामना झाला. त्यात 19 पैकी 17 फ्री थ्रो आत, एकूण 50 गुण, आणि मिलवॉकीला 50 वर्षांनी विजेतेपद.

त्याच मालिकेत तो पत्रकारांशी बोलला होता, त्याचा आशय असा : मागे काय केलं यात रमलो तर तो अहंकार, पुढे काय करीन हे घोकत बसलो तर तो गर्व, आत्ताच्या खेळात राहिलो तर ती नम्रता. मला हे फार आवडतं, पण मी ते मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावत नाही. पळवून पळवून दमवते, धाप लागलेली असतानाच दोन फ्री थ्रो घ्यायला लावते, पुन्हा पळवते, पुन्हा दोन. बाकीच्यांनी आकडे ओरडायचे. एक श्वास, चेंडूचे तीन टप्पे, नजर रिंगच्या कडेवर. हा क्रम कुणी कितीही ओरडलं तरी मोडायचा नाही. काही आठवड्यांत हात स्थिरावतात, कारण मनाला धरायला काहीतरी मिळालेलं असतं.

आता घरचं. यानिस अथेन्समध्ये वाढला. आईवडील नायजेरियातून आलेले, पोरं रस्त्यावर घड्याळं, गॉगल विकायची. तो आणि मोठा भाऊ थानासिस बुटांची एकच जोडी आळीपाळीने घालत. गरिबी पाहिली म्हणून तो नम्र राहिला, असं लोक लिहितात. मला ते अजिबात पटत नाही. गरिबीतून वर आलेली माणसं उद्दामही होतात. मला वाटतं, घरात त्याच्या वाट्याला काम होतं, आणि ते त्याने सोडलं नाही. एनबीएतल्या पहिल्याच हंगामात एकदा त्याने जवळचे सगळे पैसे घरच्यांना पाठवून टाकले, टॅक्सीपुरतेही ठेवले नाहीत. सामना तर होता. मग गडी स्टेडियमकडे पळत निघाला, आणि वाटेत एका अनोळखी जोडप्याने त्याला गाडीत घेतलं. 2021 ला बक्स जिंकले तेव्हा थानासिसही त्याच संघात होता.

म्हणून लेकाला बोलणी देऊ नका, काम द्या. आठवड्यातून दोनदा धाकट्याला कोर्टवर न्यायचं. त्याला शिकवत बसायचं नाही. तो नेम मारेल, याने फक्त रिबाउंड, म्हणजे उसळून परत आलेले चेंडू, गोळा करून त्याच्या हातात द्यायचे. पहिले काही दिवस कुरकुरेल. कुरकुरू द्या.

प्रश्न : नम्र राहिलो तर समोरचा मला दाबणार नाही का?
– वय सतरा

उत्तर : त्याच अंतिम मालिकेचा चौथा सामना बघ. दोन आठवड्यांपूर्वी यानिसचा गुडघा उलटा वाकला होता. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती. फीनिक्सचा उंचापुरा डिअँड्रे एटन हवेतच चेंडू झेलून बास्केट करायला झेपावला आणि यानिसने वळून, उडी मारून तो रिंगपाशीच अडवला. ती उडी बघ आणि मग मला सांग, यात दबलेलं काय दिसलं.

प्रश्न : आम्ही सामना बघायला गेलो की मुलगा बिचकतो. जावं की नाही?
– एक वडील

उत्तर : जा. कुठे बसू, हे त्यालाच विचारा. परतताना किती गुण केले, किती घालवले, हा हिशेब काढू नका. भूक लागली का, एवढंच विचारा.