घर बांधताय? विचारा!

प्रश्न : साताऱ्याजवळ आमचं घराचं काम चालू आहे, हजार स्क्वेअर फुटांचा स्लॅब पुढच्या महिन्यात टाकायचाय. माझा भाचा म्हणतो की दुधाच्या पिशव्या बारीक कापून काँक्रीटमध्ये दहा टक्के वाळूच्या जागी टाका, वाळूही वाचते आणि कचऱ्याचीही सोय लागते. मिस्त्री नको म्हणतोय पण कारण सांगत नाही. काय करू?

मिस्त्रीचं ऐका. कारण मी सांगतो.

काँक्रीटची ताकद नुसत्या खडी-वाळूत नसते, सिमेंटची पेस्ट त्या दगडाला किती घट्ट धरते त्यावर सगळं असतं, आणि प्लॅस्टिक गुळगुळीत, त्यात पाण्याशी त्याचं वाकडं, त्यामुळे पेस्ट त्याला नीट चिकटतच नाही. वर प्लॅस्टिक दगडाच्या मानाने खूप मऊ, म्हणजे लोड आला की ते दबतं आणि तो लोड आजूबाजूच्या पेस्टवर जातो. थोडक्यात तुम्ही स्लॅबमध्ये हजारो बारीक पोकळ्या सोडताय. जितकं प्लॅस्टिक वाढवाल तितकी क्यूबची, म्हणजे टेस्टसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याची, ताकद उतरत जाते, हे जगभरच्या टेस्टमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. आगीचं वेगळंच, दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक साधारण 110 डिग्रीला वितळतं.

आता वाळू किती वाचते ते पण बघा ना. हजार फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास 12 घनमीटर काँक्रीट. त्यातल्या वाळूचा दहावा हिस्सा म्हणजे ढिगातली फार तर सतरा-अठरा घनफूट वाळू, ब्रासचा (म्हणजे 100 घनफुटांचा) पाचवा-सहावा भाग! आणि ढिगातल्या दाण्यांमधल्या फटी सोडून तेवढी जागा भरायला प्लॅस्टिक लागेल 270 किलोच्या आसपास. अर्धा लिटरची रिकामी पिशवी दोन-तीन ग्रॅमची धरा, म्हणजे लाखभर पिशव्या, त्याही धुतलेल्या, वाळवलेल्या, कापलेल्या, कारण दुधाचा ओशटपणा राहिला तर होती ती पकडही जाणार. एवढ्या पिशव्या भाच्याने कुठून आणायच्या ठरवल्यात ते विचारा एकदा :)

शिवाय वाळू-खडीचं जे भारतीय मानक आहे, त्या 2016 च्या आयएस 383 मध्ये स्लॅग (धातूच्या भट्टीतली मळी), जुन्या काँक्रीटचा चुरा वगैरेला मर्यादेत परवानगी आहे, प्लॅस्टिकचं नाव त्यात नाही. त्यामुळे आरसीसी डिझायनर सही करणार नाही आणि करत असेल तर डिझायनर बदला. स्लॅब, बीम, कॉलम, फुटिंग, जिना, पाण्याची टाकी, यात कुठेच नको. बागेतली पायवाट, कुंड्या, अंगणात बसायचा कट्टा, जिथे कोणाच्या डोक्यावर काही उभं नाही तिथे हौस भागवा, माझी ना नाही.

प्रश्न : मग दुकानात सिमेंटबरोबर फायबरची पुडी देतात ती पण प्लॅस्टिकचीच ना? ती कशी चालते?

चांगला प्रश्न. त्या पुडीत बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचे तंतू असतात, बारा मिलिमीटरच्या आसपास लांब, केसासारखे बारीक, आणि प्रमाण घनमीटरला साधारण 900 ग्रॅम, म्हणजे हजार लिटर काँक्रीटमध्ये जेमतेम एक लिटर प्लॅस्टिक. हे कोणाची जागा घेत नाहीत, वाळू-खडी जेवढीच्या तेवढी राहते. काम एकच, पहिल्या काही तासांत वरचं पाणी उडून ज्या बारीक भेगा पडतात त्या कमी करायच्या. कोबा, प्लास्टर, गच्चीला छान. पण पुडी टाकली म्हणून सळई कमी करा म्हणणारा ठेकेदार भेटला तर त्याला दारातूनच चहा देऊन पाठवा. आणि पाणी मारायचं ते मारायचंच.

प्रश्न : मी सांगलीला डिप्लोमा सिव्हिलला आहे. आमचा प्रोजेक्ट पाण्याच्या बाटल्यांचा चुरा काँक्रीटमध्ये वापरण्यावर आहे. काय काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी, वजनावर बदली करू नका, आकारमानावर करा. वाळूची घनता 2.65 आणि बाटलीच्या प्लॅस्टिकची, म्हणजे पेटची (PET), 1.38, म्हणजे दहा टक्के वाळू काढून तेवढ्याच वजनाचं पेट टाकलं तर जागेच्या हिशोबाने दुप्पट जवळ जातं आणि मग क्यूब पडला की सगळे प्लॅस्टिकला शिव्या घालतात. चुरा 4.75 मिमीच्या चाळणीखालचा घ्या, लेबल-झाकणं वेगळी काढा (झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचं असतं, पाण्यात टाकलं की तरंगतं, बाटली बुडते, एवढी सोपी परीक्षा), आणि साध्या काँक्रीटचे क्यूब त्याच दिवशी त्याच सिमेंटचे टाका. 7 आणि 28 दिवसांना प्रत्येकी तीन. स्लंप (ओलं काँक्रीट किती घट्ट-सैल आहे ते) नोंदवा. जमलं तर काही क्यूब वर्षभर पाण्यात ठेवून जा, पुढच्या बॅचला फोडायला सांगा, कारण काँक्रीटच्या आतला पीएच 12-13 असतो आणि अशा अल्कलीत पेट हळूहळू झिजतं, ते 28 दिवसांत कळत नाही.

2017 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी बाटल्यांच्या चुऱ्यावर गॅमा किरण सोडून मग त्याची पूड सिमेंटच्या पेस्टमध्ये घातली, प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास, आणि फ्लाय ॲशसोबत (जळलेल्या कोळशाची बारीक राख) ताकद 15 टक्क्यांपर्यंत वाढलेली त्यांना दिसली. भारी काम आहे, वाचा नक्की. पण नुसता साधा चुरा टाकून तसाच आकडा येईल अशी आशा धरू नका, आणि उतरलेली ताकद आली तर तीच लिहा, परीक्षकाला ते जास्त आवडतं.

प्रश्न : स्लॅबमध्ये नाही तर मग घरातलं प्लॅस्टिक जायचं कुठे?

डांबरात! मदुराईच्या त्यागराजर कॉलेजचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत काढली, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खडी 160-170 डिग्रीला तापवायची, त्यावर कापलेलं प्लॅस्टिक सोडायचं, ते वितळून खडीवर पातळ थर बसतो आणि मग डांबर. इथे प्लॅस्टिक खडीला चिकटतं आणि डांबर प्लॅस्टिकला, काँक्रीटमध्ये नेमकं हेच होत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने 2013 ला यासाठी एसपी 98 ही मार्गदर्शिकाही काढली. चिप्सची चकचकीत पाकिटं भंगारवाला घेत नाही, ती सिमेंट कारखान्याच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळता येतात, आतलं तापमान 1400 डिग्रीच्या वर असतं. तुमचं काम फक्त सुकं वेगळं करून घंटागाडीत देण्याचं.

प्रश्न : प्लॅस्टिक आणि वाळू वितळवून पेव्हर ब्लॉक घरी करता येतील का?

नाही. ते मशिनवर, तापमान सांभाळून, धूर ओढून घेऊन करतात. ड्रमखाली लाकडं पेटवून केलं तर धूर तुम्हीच खाणार, आणि त्यात वायरीचं आवरण किंवा पीव्हीसी पाइपचा एखादा तुकडा गेला तर हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. डांबराच्या कामातही पीव्हीसी चालत नाही ते याचसाठी.