विंगेत उभं राहायला पदवी कशाला?

नाटकात एम.ए. करू की नको, हे विचारायला माझ्याकडे येणारी मुलं दरवर्षी चार-पाच तरी असतात. बहुतेकांबरोबर आईवडील येतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पुढे काय?’ मुलांचा प्रश्न मात्र वेगळाच असतो आणि तो पहिल्या भेटीत सहसा बाहेर येत नाही. ही गोष्ट अशाच एका मुलीची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नुकतीच बी.ए. झालेली. कॉलेजात असताना सात-आठ एकांकिका आणि दोन मोठी नाटकं केलेली. एम.ए.चा अर्ज अर्धा भरून आणला होता. विशेष विषयाच्या रकान्यात ‘अभिनय’. बाबा सोबत होते. चिडलेले अजिबात नव्हते, हिशेबी होते. म्हणाले, ‘मॅडम, दोन वर्षं आणि फी, दोन्हीची तयारी आहे माझी. त्यानंतर ही कुठे उभी असेल, एवढं फक्त मला सांगा.’

इथे मी चुकले. ‘अभिनय’ हा शब्द वाचला आणि माझं नेहमीचं भाषण सुरू झालं. ऑडिशनला कुणी गुणपत्रिका मागत नाही, पदवी आहे म्हणून भूमिका मिळत नाही, कामाच्या दोन तारखांमध्ये रिकामे महिने जातात, वगैरे. सगळं खरंच होतं. ती शांतपणे ऐकत राहिली. तिथेच मला शंका यायला हवी होती. अभिनयाचं वेड असलेली मुलं हे भाषण पुरं होऊ देत नाहीत.

भाषण संपल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला शेवटच्या नाटकाबद्दल विचारलं.

पुढची वीस मिनिटं ती थांबली नाही. दोन प्रवेशांच्या मध्ये अंधारात चाळीस सेकंदांत घर काढून रेल्वे स्टेशन लावायचं होतं, तर कोणी कुठून आत यायचं, बाकडं आधी की दिव्याचा खांब आधी, हे तिने कसं बसवलं. एका प्रयोगात एक दिवा लागलाच नाही, तेव्हा पुढचा क्यू, म्हणजे दिवे-संगीत बदलायचा इशारा, तिने दोन वाक्यं आधी कसा दिला. या वीस मिनिटांत कोणी काय भूमिका केली हे एकदाही आलं नाही. स्वतः तिने काय केलं होतं तेही नाही. विचारल्यावर म्हणाली, ‘माझी शेजारणीची होती. छोटीच.’

मग तिने पिशवीतून वही काढली. प्रॉम्प्ट कॉपी. डाव्या पानावर संहिता चिकटवलेली, उजवीकडे प्रकाशाचे, संगीताचे, प्रवेशांचे क्यू क्रमांक घालून. सगळं पेन्सिलने. समासात मात्र क्यूंशी काही संबंध नसलेल्या ओळी होत्या. एक मी तिच्या परवानगीने उतरवून घेतली: ‘आई इथे गप्प का आहे? पहिल्या प्रयोगात घाबरून गप्प वाटली, तिसऱ्यात रागाने. शब्द तेच. मग बदललं काय?’

अशा ओळी पानोपानी होत्या.

‘मग अभिनय का लिहिलंस?’ मी विचारलं. ती बाबांकडे बघून थांबली. मी त्यांना जरा बाहेर बसायला सांगितलं. (हे पहिल्या दहा मिनिटांतच करावं, असं मी दर वेळी ठरवते आणि दर वेळी विसरते.)

ते बाहेर गेल्यावर म्हणाली, ‘दुसरं काही मागितलं तर सगळे म्हणतील, अभिनय जमत नाही म्हणून अभ्यास करतेय.’

एम.ए. करू का, फी वसूल होईल का, नोकरी मिळेल का, या सगळ्याच्या तळाशी ही एवढी गोष्ट होती. आणि ती एकटीचीच नाही. नाटकाच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे येणाऱ्या कितीतरी मुलांना आतून वाटत असतं की रंगमंच हेच खरं नाटक, बाकीचं सगळं दुय्यम. त्यापायी ती चुकीचा रकाना भरतात.

तिला मी लेसिंगची गोष्ट सांगितली. हा जर्मन नाटककार १७६७ मध्ये हाम्बुर्गच्या नव्या राष्ट्रीय नाट्यगृहात लागला, तो चालू प्रयोगांवर सतत लिहीत राहायला. हे नाटक का उभं राहिलं, ते का पडलं, नटाने काय केलं, संहितेत काय होतं. ते नाट्यगृह दोन वर्षांतच बंद पडलं. लेसिंगचं लेखन टिकलं आणि त्यातूनच ड्रामाटर्ग हे पद युरोपच्या रंगभूमीवर रुजत गेलं. म्हणजे तालमीत बसून संहितेला आणि प्रयोगाला प्रश्न विचारणारा माणूस. ती वहीकडे बघत म्हणाली, ‘याला नाव आहे?’

बाबा परत आत आले आणि त्यांनी मला सर्वांत अवघड प्रश्न टाकला. ‘स्टेजवर टाळ्या मिळाल्या तर मी समजू शकतो. पण विंगेत उभं राहायला पदवी कशाला?’

खरं सांगायचं तर नुसतं उभं राहायला नकोच. क्यू देणं तालमीतच शिकता येतं, ती शिकलीच होती. पदवी कामी येते ती समासातल्या प्रश्नांसाठी. भरताच्या नाट्यशास्त्रात रसाचा विचार कसा झाला, रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीने नटाला काय मागितलं, जर्मन नाटककार ब्रेख्टने प्रेक्षकाला नाटकापासून जरा लांब का ठेवलं, हे वाचल्यावर ‘आई गप्प का’ या प्रश्नाला हात घालायच्या चार वाटा दिसतात. विद्यापीठांनाही हे लगेच पटलेलं नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर हे प्राध्यापक नाट्यलेखनाची कार्यशाळा चालवत. १९१४-१५ मध्ये यूजीन ओनील, पुढे अमेरिकेचा मोठा नाटककार झालेला, त्यांच्या वर्गात बसला होता. तरी हार्वर्ड या विषयाला पदवी द्यायला तयार होईना. शेवटी १९२५ मध्ये बेकर येल विद्यापीठात गेले आणि तिथला नवा नाट्यविभाग त्यांनी उभा केला. बाबांना हे ऐकून बरं वाटलं. हा प्रश्न पडणारे आपण एकटे नाही, एवढं तरी कळलं.

पैशाबद्दल मी काही गोड बोलले नाही. एम.ए. झाल्यावर निर्माता फोन करत नाही. पदवीला किंमत येते ती अध्यापनात, संशोधनात, शिष्यवृत्तीत, शाळांमधल्या नाट्यशिक्षणाच्या कामात. भारतात प्राध्यापकीच्या वाटेवर ‘नेट’ परीक्षा येते आणि तिच्या विषयांत नाटक आहे. तिथे आणखी एक खाचखळगा आहे: सगळे नावाजलेले अभ्यासक्रम पदवी देतातच असं नाही. १९५९ मध्ये सुरू झालेलं दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर डिप्लोमा देत आलं आहे. त्याचा दबदबा कुठल्याही एम.ए.पेक्षा कमी नाही, पण पुढे शिकवायचं असेल तर समकक्षतेचे नियम प्रवेशाआधीच पाहून घ्यावेत. देशोदेशी कालावधीही वेगळा. भारतात एम.ए. सहसा दोन वर्षांचं, ब्रिटनमध्ये बहुधा एकाच वर्षाचं. अमेरिकेत प्रत्यक्ष रंगकामासाठी एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) असतं आणि ते बरेचदा तीन वर्षं चालतं. फी बघून सगळीच दारं बंद समजू नयेत हेही सांगितलं. येलच्या नाट्यविद्यालयाने २०२१ मध्ये मोठी देणगी मिळाल्यावर विद्यार्थ्यांची शिक्षण फी माफच केली. प्रवेश मिळणं ही पुन्हा वेगळी गोष्ट.

घरी जाताना तिला दोन कामं दिली. समासातला एकच प्रश्न उचलून त्यावर दहा पानं लिहायची. आणि ज्या विभागांत अर्ज करायचा, तिथून बाहेर पडलेल्या किमान एकाशी बोलायचं. माहितीपत्रकात सगळेच ‘सिद्धान्त आणि प्रयोग यांचा मेळ’ लिहितात. आठवड्याचे किती तास तालमीच्या खोलीत जातात आणि किती ग्रंथालयात, हे तिथे राहून आलेलाच सांगतो.

ती पाच आठवड्यांनी आली. दहाऐवजी सहाच पानं झाली होती. ‘लिहिताना फार छळलं,’ म्हणाली, ‘पण सोडवत नव्हतं.’ पानं मी वाचली. पहिली दोन उसन्या शब्दांची होती, नको तितकी जड. तिसऱ्यावर तिने तिन्ही प्रयोगांत आई नेमकी कुठे उभी होती याची चित्रं काढली होती. एका प्रयोगात खुर्ची हातभर मागे सरकली होती, म्हणून आईला दार दिसत होतं. तिथून पुढे मी पेन खाली ठेवलं.

फोनवर ती दोघांशी बोलली होती. एकाला विभाग फार आवडला होता. दुसरीने फसल्यासारखं वाटल्याचं सांगितलं: तिला रोज तालीम हवी होती आणि पहिलं सत्र निबंध लिहिण्यातच गेलं. विभाग एकच! मुलगी म्हणाली, ‘तिची तक्रार ऐकून मला तिथेच जावंसं वाटायला लागलं.’

अर्ज नव्याने भरला. ‘अभिनय’ खोडलं. उद्देशपत्राची सुरुवात आधी ‘मला लहानपणापासून अभिनयाची आवड आहे’ अशी होती. ती जाऊन खुर्ची आली. अखेर प्रवेश कुठे घेतला ते इथे सांगत नाही.

त्या दिवशी बाबा वही चाळत बसले होते. निघताना त्यांनी तिला विचारलं, ‘हे सगळं पेन्सिलनेच का लिहितेस गं?’

‘दिग्दर्शक रोज बदलतात, बाबा.’

‘माणूस बदलतो?’

‘माणूस तोच. बाकी सगळं.’

जिना उतरेपर्यंत ती त्यांना चाळीस सेकंदांतलं रेल्वे स्टेशन समजावत होती.