जुनी रिमफायर काडतुसे वापरावीत का?

प्रश्न : माझे वडील नेमबाजी करीत. त्यांच्या कपाटात पॉइंट टू-टू लाँग रायफलच्या काडतुसांची साधारण चाळीस वर्षांपूर्वीची काही खोकी सापडली आहेत. माझ्याकडे रायफल आहे आणि तिचा परवानाही आहे. ही काडतुसे सरावासाठी वापरणे सुरक्षित ठरेल का?

उत्तर : केवळ वयावरून याचा निर्णय करता येत नाही, ही खोकी इतकी वर्षे कशी राहिली, हे त्याहून महत्त्वाचे आहे. थंड आणि कोरड्या जागी ठेवलेली काडतुसे कित्येक दशकांनंतरही नीट उडतात, तर तापणाऱ्या पत्र्याखाली किंवा ओलसर भिंतीलगत पडून राहिलेली काडतुसे त्यापेक्षा फार लवकर बिघडू शकतात, कारण उष्णतेने आतील धूरविरहित दारूचे विघटन वेगाने होते.

पॉइंट टू-टूची ही काडतुसे रिमफायर, म्हणजे कडेवर आघात होऊन उडणारी असतात आणि ही रचनाच थोडी नाजूक आहे. पेट घेणारे मिश्रण काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिनने (चाप ओढल्यावर आदळणाऱ्या खिळीने) ती कड चेपली की ते पेटते; त्यासाठी पितळ पातळच ठेवावे लागते. कडेच्या एखाद्या भागातले मिश्रण निखळले असेल आणि पिन नेमकी तिथे आदळली, तर काडतूस उडत नाही. गोळी सैल झाली असेल, तर आत दमटपणा शिरलेला असू शकतो.

म्हणून प्रत्येक काडतूस उजेडात फिरवून पाहावे. पितळावर हिरवा कळंक चढून खड्डे पडले असतील, चीर किंवा पोचा दिसत असेल, गोळी बोटाने हलत असेल किंवा काडतूस तेलात भिजलेले असेल, तर ते बाजूला काढावे. शिशावर पांढरी भुकटी जमते. ती विषारी असल्यामुळे हाताळल्यावर हात धुवावेत. काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) सहज बसत नसेल, तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) कधीही जोराने रेटू नये, कारण कड तिथेच चेपली जाऊन बोल्ट पुरता बंद होण्याआधीच स्फोट होऊ शकतो.

चांगली वाटणारी काडतुसे डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, एका वेळी एकच भरून उडवावीत. चाप ओढल्यावर नुसता खटका वाजला, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे, कारण काही वेळा बार उशिरा होतो. मात्र सर्वांत मोठा धोका न उडणाऱ्या काडतुसाचा नसून अर्धवट उडणाऱ्या काडतुसाचा आहे. आवाज दबका आला किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी जाणवला, तर तिथेच थांबावे, रायफल रिकामी करावी आणि नळीतून सळई आरपार घालून पाहावी. गोळी नळीत अडकली असताना मागून दुसरी सोडली, तर नळी फुगते किंवा फाटते. अर्धस्वयंचलित रायफलीत पुढचे काडतूस आपोआप भरले जाते आणि चाप पुन्हा ओढताच गोळी क्षणात सुटते, त्यामुळे अशी काडतुसे तिच्यात वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यांहून बरीच जुनी, क्लोरेटयुक्त मिश्रणाची काडतुसे असतील, तर त्यांचा क्षार नळीला गंजवतो. तो तेलाने जात नाही, पाण्याने धुवावा लागतो, आणि त्यानंतर नळी कोरडी करून तेल लावावे.

टाकाऊ काडतुसे कचऱ्यात किंवा आगीत टाकू नयेत, फोडूही नयेत. पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विचारून ती जमा करावीत. एकाच खोक्यातील दोन-तीन काडतुसे फसली, तर उरलेली न वापरता ते सबंध खोकेच जमा करावे.