पाचवीतली मुलगी रहस्यकादंबरी अर्धवट टाकतेय. तिला ती पूर्ण वाचायला लावावी का? आणि दुसरी कोणती द्यावी?

लावू नका. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की "पात्रं कंटाळवाणी आहेत, काही घडतच नाही" असं ती म्हणते, आणि पुढे तुम्हीच म्हणता की तिला वाचनाची गोडी नाही. अहो, पात्रं कंटाळवाणी आहेत हे जिला कळलं, तिला गोडी नाही कशी? तिला ते पुस्तक आवडलेलं नाही, एवढंच यातून दिसतं.

मी शाळेत ग्रंथपाल आहे, त्यामुळे हा प्रश्न जरा जिव्हारी लागला. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका बालरहस्यकादंबरीच्या प्रती गठ्ठ्याने आल्या. नाव सांगत नाही. मुखपृष्ठ देखणं, वाडा, कंदील, चार मुलं आणि एक कुत्रा. मे महिन्याची सुट्टी, मुलं कोकणात आजोळी येतात आणि गावच्या देवळातली जुनी मूर्ती चोरीला जाते. सुरुवात चांगली होती. मुलांनी हातोहात नेली.

पण आत काय होतं? चार मुलांपैकी एक हुशार, एक धाडसी, एक खादाड आणि चौथी मुलगी. तिचं काम डबे भरायचे आणि अंधारात किंचाळायचं. मी एका पानावर कागदाची पट्टी धरून बोलणाऱ्यांची नावं झाकून बघितली. खादाड मुलगा भजी मागतो तेवढं वाक्य सोडलं तर कोण काय बोलतंय ते अजिबात कळेना. तपास म्हणाल तर मुलं खिडकीखाली जाऊन उभी राहतात आणि आत चोर नेमके त्याच वेळी आपला सगळा बेत मोठ्याने बोलतात. पुढे पुन्हा अडलं की पुन्हा खिडकी. शेवटी चोर निघतो मुंबईचा एक दलाल, जो शेवटून दुसऱ्या प्रकरणात पहिल्यांदा उगवतो. लगेच इन्स्पेक्टर मामा जीप घेऊन हजर.

वाचनतासाला सहावीतली एक मुलगी ते पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "बाई, कुत्रा का नाही भुंकला?" मला आधी कळलंच नाही. तिने तिसरं प्रकरण उघडून दाखवलं. आजोबांचा कुत्रा रात्री देवळाच्या ओवरीतच झोपतो, परक्याला फाटकातही येऊ देत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं. चोरीच्या रात्री मात्र कोणालाही जाग येत नाही. म्हणजे चोर कुत्र्याच्या ओळखीचा, असं धरून तिने वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती: घरचा गडी, देवळातला गुरव, मास्तर, आजोबांचे मित्र. मास्तरांवर फुली मारलेली, कारण ते त्या रात्री तालुक्याला गेलेले. इतकं सगळं तिने केलं आणि चोर निघाला कोण, तर कुत्र्याने कधी न पाहिलेला माणूस! लेखक स्वतःच कुत्र्याला विसरले होते. शेरलॉक होम्सच्या 1892 सालच्या एका कथेत कुत्रा न भुंकण्यावरूनच रात्री आलेला माणूस ओळखीचा होता हे कळतं. या मुलीने ती वाचलेली नव्हती. तिचं तिने शोधून काढलं.

पुढच्या पुस्तक खरेदीच्या बैठकीत मी ही यादी सांगितली आणि म्हटलं, या मालिकेचे आणखी भाग नकोत. एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "बाई, मुलांचं पुस्तक आहे ते, एवढं काय बघायचं? पोरं वाचतायत ना, मग झालं." भाग घेतले गेले. पहिल्या भागाची देवघेव पट्टी तारखांनी भरलेली आहे. दुसऱ्या भागावर जेमतेम चार-पाच शिक्के, तिसरा अजून कोरा. पोरं वाचत होती ती मुखपृष्ठ बघून, आणि एकदा फसल्यावर परत आली नाहीत. यातली काही रहस्यकथांच्या कपाटाकडेच फिरकेनाशी झाली. त्याची भरपाई कोण करणार?

मुलांसाठी लिहायचं म्हणजे मेहनत कमी केली तरी चालते, हे मला मुळीच मान्य नाही. एरिश केस्टनर या जर्मन लेखकाची एमिलची गोष्ट 1929 सालची. एमिल बर्लिनला निघतो तेव्हा त्याच्याकडे आईने दिलेले 140 मार्क असतात. प्रवासात भीती वाटून तो नोटा टाचणीने कोटाच्या अस्तराला टोचून ठेवतो. डब्यात झोप लागते, पैसे जातात. शेवटी बँकेत चोर त्याच नोटा घेऊन उभा असताना एमिल सांगतो, माझ्या नोटांना टाचणीची भोकं असतील. ती टाचणी वाचणाऱ्या मुलाने आधीच पाहिलेली असते! तो झरझर मागची पानं उलटतो आणि म्हणतो, हे मला सुचायला हवं होतं. रहस्यकथेने मुलाला हे द्यायचं असतं.

आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बघा. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला. त्याचं ते "ट्टॉक" ऐकलं की नाव झाकलं तरी कळतं हा कोण.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तेच, फास्टर फेणेपासून सुरू करा. रुचला तर पुढे सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा मराठीत मिळतो. नवीन पुस्तक घेताना दुकानातच शेवटचं प्रकरण चाळा, चोर कोण ते बघा आणि तो सुरुवातीच्या प्रकरणांत कुठे दिसतो का ते शोधा. नसेल तर पुस्तक खाली ठेवा, मग त्याला कितीही पुरस्कार असोत.

सात-आठ वर्षांचं, नुकतंच एकट्याने वाचू लागलेलं मूल असेल तर मी एवढी कडक राहणार नाही. त्या वयात ठरावीक साच्याच्या पुस्तकांनी वाचनाला वेग येतो, योगायोगही खपतात. फास्टर फेणेतले काही जुने शब्द आजच्या मुलांना अडतात, तेव्हा पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. आणि मुलगी कुठलंच पुस्तक पुरं करत नसेल तर एकदा डोळे तपासून घ्या.

पण हे पुस्तक तिने कुठल्या पानावर सोडलं आणि का, ते तिला नीट विचारा. शाळेच्या वाचनालयातलं असेल तर ते कारण तिथल्या ग्रंथपालांना चिठ्ठीवर लिहून द्या, मुलीच्याच शब्दांत. खरेदीच्या बैठकीत "मुलांना काय कळतंय" म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला आम्हाला अशी चिठ्ठी फार उपयोगी पडते.